आच आणि ओल

चंपाषष्ठी येईपर्यंत महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत वांगं शिजत नाही. चातुर्मासात सोडलेलं हे वांगं मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात परत येतं, आणि येतं तेही भाजलेलं. ताटात वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा आणि कांद्याची पात. भरीत आणि रोडगा दोन्ही निखाऱ्यावरचे. त्यानंतर संक्रांत होऊन जाईपर्यंत आपल्याकडे याच पद्धतीचे पदार्थ एकामागून एक येत राहतात. सोलापूरकडे हुरड्याची आगटी लागते, रायगडात पोपटीची मडकी उलटी होतात, खानदेशात भरताच्या पार्ट्या रंगतात, विदर्भात गोवऱ्यांत रोडगे फुलतात, घरोघरी तीळ आणि शेंगदाणे कढईत तडतडतात आणि गोव्यात बेबिंकेचा एकेक थर वरून लाल होत जातो.

श्रावण-भाद्रपदातला स्वयंपाक आठवून पाहा. मोदक, पातोळ्या, अळूवड्या, पानगी. त्यातलं बरंचसं वाफेवरचं. थंडीत मात्र आपण भाजायला लागतो. दोन्हीत मुख्य फरक पाण्याचा आहे. पदार्थात पाणी आहे तोवर त्याचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर फारसं जात नाही, कारण दिलेली सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पृष्ठभाग कोरडा झाला की मगच तो पुढे तापतो. साधारण १४० अंशांच्या आसपास प्रथिनं आणि शर्करा यांच्यातली ती प्रक्रिया वेग घेते जिचं वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामी मायार यांनी १९१२ साली केलं. भाकरीवरचे डाग, भाजलेल्या तिळाचा वास, नानकटाईचा बदामी रंग हे सगळं तिचंच देणं. उकडलेल्या मोदकाला तो रंग कधीच येत नाही आणि यायलाही नको.

म्हणून थंडीतल्या प्रत्येक पदार्थाकडे एकच प्रश्न घेऊन पाहता येतं: यातलं पाणी कुठे घालवायचं आणि कुठे राखायचं? हाताला सवय असलेल्या बाईला हे उत्तर माहीत असतं. ते कसं काम करतं, एवढंच या प्रकरणात पाहायचं आहे.

शेतातली ओल, हवेतला कोरडेपणा

ऑक्टोबरात पाऊस परततो आणि पठारावरची हवा झपाट्याने कोरडी होते. जानेवारीत पुण्यात पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, निफाडला कधीकधी ५ अंशांच्याही खाली जातो. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. हीच हवा वड्या कुरकुरीत ठेवते आणि पिठाला जाळी धरू देत नाही.

शेतात मात्र पाणी जमिनीच्या पोटात साठलेलं असतं. सोलापूर, मंगळवेढा भागातल्या काळ्या मातीत रब्बीची ज्वारी याच साठ्यावर वाढते. कित्येक शेतांना वेगळं पाणी मिळतही नाही. रायगडात भाताची कापणी झाली की त्याच खाचरांत उरलेल्या ओलीवर आणि दवावर वाल उभा राहतो. हरभऱ्याची गोष्ट आणखी मजेची आहे. त्याच्या पानांवरच्या बारीक केसांतून आम्ल पाझरतं. पहाटे दवात भिजलेल्या हरभऱ्यावर फडकं फिरवून ते पिळून घेतलं की मिळते ती आंब. कोवळ्या पाल्याच्या भाजीची आंबट चव याच आम्लाची. हा पाला वाळवून ठेवला की उन्हाळ्यात भाजी नसेल तेव्हा कामाला येतो.

खरिपाची बाजरी तोवर घरात आलेली असते, ऊस गाळपाला आलेला असतो. थंड रात्री आणि कोरडी हवा उसात साखर साठायला पोषक असते. म्हणून कोल्हापूरकडची गुऱ्हाळं थंडीत धगधगतात आणि तीळ, गूळ, बाजरी, वाल, वांगी, बोरं, हरभरा हे सगळं एकाच वेळी बाजारात भेटतं. भोगीची लेकुरवाळी भाजी म्हणजे या बाजाराची एका पातेल्यातली हजेरी. पावटा, सोलाणे, गाजर, वांगं, ओले शेंगदाणे, बोरं, उसाचे करवे आणि वरून तिळाचं कूट. शेजारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मुगाची खिचडी आणि लोण्याचा गोळा.

भाकरी फुगते कशामुळे?

गव्हाच्या कणकेत पाणी पडलं की ग्लुटेन तयार होतं आणि पोळी ताणली जाते. बाजरीत आणि ज्वारीत ग्लुटेन नाही. मग भाकरीला बांधून कोण ठेवतं? पिठातला स्टार्च. गरम पाणी घातलं की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, चिकट होतात आणि पीठ एकमेकांना धरून राहतं. उन्हाळ्यात कोमट पाण्यावर भागून जातं. थंडीत पीठ आणि परात दोन्ही गार असतात, त्यामुळे पाणी चांगलं कढत लागतं, नाहीतर थापताना कडेला चिरा पडतात. पीठ मळायचंही एका भाकरीपुरतंच, आणि हाताच्या तळव्याने रगडून.

जुन्या पिठाला विरी राहत नाही, हे प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. बाजरीच्या बाबतीत त्यात कडवटपणाची भर पडते. बाजरीत सुमारे ५ टक्के स्निग्धांश असतो, ज्वारी किंवा गव्हापेक्षा बराच जास्त. दाणा अखंड असतो तोवर हे तेल सुरक्षित राहतं. दळलं की दाण्यातलीच विकरं त्या तेलावर तुटून पडतात आणि पीठ खवट, मग कडू होतं. उन्हाळ्यात ते चार-सहा दिवसांतच जाणवायला लागतं, थंडीत हा वेग मंदावतो. तरीही बाजरी एकदम पाच किलो दळून आणण्यात अर्थ नाही. किलोभराचं दळण संपवावं आणि मग पुन्हा गिरणीत जावं.

तव्यावर भाकरी टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवतात. कारण त्या बाजूला थापताना लागलेलं कोरडं पीठ असतं. पाणी त्याला शिजायला मदत करतं आणि एक अखंड पापुद्रा तयार होतो. ते पाणी पूर्ण सुकायच्या आत भाकरी उलटायची. उशीर झाला की पापुद्रा तडकतो आणि आतली वाफ निसटून जाते. उलटलेली बाजू नीट शेकली की भाकरी निखाऱ्यासमोर किंवा थेट जाळावर. आता दोन्ही बाजू बंद आहेत आणि मधे ओल अडकली आहे. पाण्याची वाफ झाली की ते मूळ आकारमानाच्या सोळाशे पटींहून अधिक जागा मागतं. चमचाभर ओलही दोन पापुद्रे अलग करायला पुरेशी ठरते. भाकरी फुगली नाही तर तिला कुठेतरी बारीकसं भोक पडलं आहे किंवा ती तव्यावरच जास्त वाळली आहे, असं समजावं.

आगटी, मडकं आणि काट्याकुट्यांचा जाळ

हुरड्याचं सगळं गणित वेळेवर चालतं. ज्वारीचा दाणा आधी दुधाळ असतो, मग चिकात येतो, मग टणक होतो. चिकात असताना त्यात शर्करा भरपूर असते. पुढे हीच शर्करा स्टार्चमध्ये बदलते आणि गोडी ओसरते. हुरड्याचे दिवस त्यामुळे मोजके, साधारण डिसेंबरअखेरपासून जानेवारीअखेरपर्यंतचे. गूळभेंडी, सुरती, कुचकुची अशी हुरड्याची म्हणून राखलेली वाणंही आहेत. त्यांचा दाणा रसाळ असतो आणि बोंडातून सहज सुटतो.

जमिनीत उथळ खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवतात. धूर आणि ज्वाला ओसरून रसरशीत निखारा उरला की कणसं त्यात खुपसायची. बाहेरची टरफलं जळतात आणि दाण्यातलं पाणी आतल्या आत त्याला वाफवतं. म्हणजे बाहेरून भाजणं आणि आतून शिजणं एकदम घडतं. गरम कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि तीळ, शेंगदाणे किंवा लसणाच्या चटणीबरोबर, दह्याच्या कवडीबरोबर लगेच खायचं. गार झालेला हुरडा चिवट होतो, कारण ओल निघून गेलेली असते आणि शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट होऊ लागतो. म्हणूनच हुरडा खायला शेतावर जावं लागतं. डबा भरून घरी आणलेल्या हुरड्याचा पुढे थालीपिठासाठी किंवा उसळीसाठी उपयोग करावा.

पोपटीत ही ओल कोंडली जाते. पेण, अलिबाग, रोहा भागात वालाच्या शेंगा भरल्या की मडक्याच्या तळाशी आणि कडेने भांबुर्ड्याचा पाला लावतात. आत वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, जाड मीठ आणि ओवा. तोंडाशी पुन्हा पाल्याचा घट्ट बोळा. मडकं जमिनीवर उलटं ठेवून वरून पेंढा, काटक्या, पालापाचोळा रचून जाळ करतात. आत पाण्याचा थेंबही घातलेला नसतो. पाल्याची आणि शेंगांची स्वतःची ओल वाफ होते, ती मडक्याबाहेर पडू शकत नाही आणि भांबुर्ड्याचा उग्र वास घेऊन शेंगांत शिरते. अर्ध्या तासाच्या आसपास जाळ पुरतो. अनुभवी माणसं मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारतात, आणि ते चुरकन उडाले की पोपटी झाली असं सांगतात. दक्षिण गुजरातेत याच काळात मडक्यातलं उबाडियुं होतं. जिन्नस आणि पाला थोडे वेगळे, तत्त्व तेच.

खानदेशातलं भरताचं वांगं मोठं, फिकट हिरवं आणि कमी बियांचं असतं. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या किंवा तुरीच्या काड्या पेटवून त्यावर ही वांगी खरपूस भाजतात. वांग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि गरात हवेच्या असंख्य पोकळ्या. कच्च्या फोडी तेलात टाकल्या की या पोकळ्या तेल पितात, म्हणून वांग्याच्या कापांना तेल पुरत नाही. अख्खं वांगं भाजलं तर साल करपेपर्यंत आतला गर स्वतःच्याच वाफेत शिजतो आणि पोकळ्या कोसळतात. नंतर त्याला फोडणीचं थोडकं तेल पुरतं. भाजण्यापूर्वी वांग्याला दोन-चार टोचे मारावेत, नाहीतर कोंडलेली वाफ ते फोडते. भाजलेली वांगी सोलून लाकडी भांड्यात ठेचतात, त्यात हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी किंवा पुरी. गॅसवर भाजताना जाळीवर ठेवून सगळ्या बाजूंनी साल पूर्ण काळी होऊ द्यावी, मग पाच मिनिटं झाकावं. साल अलगद सुटते.

विदर्भातल्या रोडग्यात ओल आधीच बेताची असते. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठाच्या लाट्या लाटून, त्यांना तेल लावून एकावर एक ठेवतात आणि त्यांचा गोळा वळतात. हे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात, राखेत दडपून भाजले जातात. राख उष्णता हळूहळू पोचवते, त्यामुळे आतपर्यंत शिजायला वेळ मिळतो आणि बाहेर टणक कवच धरतं. ते फोडून आत तूप आणि बरोबर वरण व वांग्याची झणझणीत भाजी. राजस्थानची बाटी आणि बिहारची लिट्टी ही याच पद्धतीची भावंडं.

आगटी असो की पोपटी, जाळ उघड्यावर करायचा. थंडी आहे म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवणं जिवावर बेतू शकतं. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही.

पाकाची परीक्षा

तिळात जवळजवळ निम्मं तेल असतं. मंद आचेवर भाजताना आधी ओल जाते, मग तीळ तडतडतात, फुगतात आणि वास सुटतो. या टप्प्यावर उतरवायचे. आणखी दोन मिनिटं ठेवले तर कडवट होतात, कारण लहान दाण्याला करपायला वेळ लागत नाही. कढईतून लगेच ताटात काढणं हेही त्यामुळेच महत्त्वाचं.

खरी कसोटी गुळाच्या पाकात आहे. पाक उकळतो तसं त्यातलं पाणी उडतं आणि उरलेल्या द्रावणाचा उत्कलनबिंदू वर सरकत जातो. म्हणजे पाकाचं तापमान म्हणजेच त्यात किती पाणी उरलं याचं माप. साखरेच्या पाकासाठी ११२ ते ११६ अंशांना थेंब गार पाण्यात टाकला तर मऊ गोळी होते. १२१ ते १३० अंशांत ती घट्ट होते. १४६ ते १५४ अंशांपर्यंत गेलं की पाणी जेमतेम टक्काभर उरतं आणि थेंब काचेसारखा मोडतो. गुळात साखरेखेरीज इतर शर्करा आणि क्षारही असल्याने तो लवकर करपतो, म्हणून त्याची आच मंद ठेवायची आणि आकड्यापेक्षा वाटीतल्या पाण्यावर विश्वास ठेवायचा. गोळी बोटांत दबली तर लाडू मऊ होतील. थेंब ताटलीवर टाकल्यावर टणकन वाजला तर चिक्की होईल. चिक्कीत चिमूटभर सोडा घालतात त्याने कर्बवायूचे बारीक बुडबुडे होतात, आणि ती दाताला ठिसूळ लागते.

पाक झाला की घाई करायची. ताटाला तूप आधी लावलेलं, तीळ आणि कूट आधी मोजलेलं हवं. थंडीत पाक लवकर आळतो. भाजलेले तीळ गरम असतानाच पाकात घातले तर वड्या थापायला एक-दोन मिनिटं जास्त मिळतात. वड्या गार झाल्या की बंद डब्यात जायला हव्यात, कारण गूळ हवेतली ओल ओढतो. पुण्या-नाशिकला उघड्या ताटात दिवसभर कुरकुरीत राहिलेली वडी मालवण-पणजीला संध्याकाळी चिकट होते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी पाक थोडा पुढे न्यावा.

काटेरी हलवा हा तर हवेवर विसंबलेला पदार्थ. मंद तापलेल्या परातीत भाजलेले तीळ घेऊन त्यांवर साखरेच्या पाकाचे चमचाभर शिंतोडे द्यायचे आणि बोटांनी हलकेच फिरवत राहायचं. प्रत्येक थर सुकला की पुढचा. पाणी उडतं आणि साखरेचे स्फटिक दाण्यावर बाहेरच्या दिशेने वाढतात, तो काटा. हवा दमट असेल तर थर सुकण्याऐवजी पुसला जातो. कडाक्याची थंडी पडली की हलव्याला काटा चांगला येतो, हे जुन्या बायकांचं म्हणणं हवेतल्या कोरडेपणाशी नेमकं जुळतं. संक्रांतीला नव्या सुनेच्या आणि बाळाच्या अंगावर हलव्याचे दागिने चढतात, त्यामागे कित्येक तासांचं हे बोटांचं काम असतं.

गूळपोळीत गूळ वितळून बाहेर आला की तव्यावर जळतो आणि पोळी चिकटते. त्यावर तोड सारणातच असते. किसलेल्या गुळात तेलावर खमंग भाजलेलं बेसन, तिळाचं आणि खसखशीचं कूट मिसळलं की ते वितळणारा गूळ धरून ठेवतात. सारण आणि कणीक सारख्याच घट्टपणाची असावीत आणि सारण अगदी कडेपर्यंत पोचावं. ओल कमी असल्याने ही पोळी चार-आठ दिवस टिकते आणि गार, तूप माखून खाल्लेली अधिक चांगली लागते.

डिंक, मेथी, अळीव

थंडीच्या लाडवांत पाण्याला प्रवेश नाही. तूप, खारीक, सुकं खोबरं, गूळ, कणीक. ओल नसेल तिथे बुरशी आणि जिवाणू वाढत नाहीत, म्हणून डिंकाचे लाडू महिनाभर डब्यात राहतात. तरी डिंकाच्या प्रत्येक खड्याच्या आत थोडी ओल असतेच, आणि तीच उपयोगी पडते. गरम तुपात खडा पडला की ती ओल वाफ होते आणि खडा लाहीसारखा फुलतो. तूप पुरेसं तापलेलं नसेल किंवा एकदम मूठभर डिंक टाकला तर बाहेरचा भाग आधी घट्ट होतो, मधला गर तसाच राहतो आणि मग लाडू खाताना दाताला चिकटतो. दोन-दोन चमचे टाकावा, पूर्ण फुलल्याची बोटाने चुरून खात्री करावी.

मेथीचं पीठ तुपात चार-पाच दिवस भिजवून ठेवतात आणि मग लाडवांत घालतात. त्यामुळे कडूपणा पूर्ण जात नाही, पण मवाळ होतो, आणि गूळ-खोबऱ्याबरोबर तो सोसवतो. अळिवाची तऱ्हा उलटी. तो नारळाच्या पाण्यात भिजवला की प्रत्येक बी भोवती बुळबुळीत आवरण धरते आणि कितीतरी पट फुगते. ओला नारळ आणि गुळाबरोबर ते शिजवून आटवायचं. लोहाने समृद्ध म्हणून बाळंतिणीला हे लाडू देतात. पण त्यात नारळाची ओल उरते, त्यामुळे ते डिंकाच्या लाडवांइतके टिकत नाहीत. आठवड्याच्या आत संपतील एवढेच करावेत, आणि मुंबईसारख्या हवेत फ्रीजमध्ये ठेवावेत.

थंडीने मंदावलेले जीव

दही, इडली, ढोकळा आणि घरचा पाव हे चारही सूक्ष्मजीवांचं काम. थंडीत ते संथ होतात. दह्याचे जिवाणू ४० ते ४५ अंशांत सर्वांत जोमाने वाढतात. जानेवारीत पातेलं ओट्यावर ठेवलं तर दूध तासाभरात त्या टप्प्याच्या खूप खाली येतं आणि सकाळी हाती पातळ, तारेचं दही लागतं. उपाय सगळ्यांच्या घरचे आहेत: दूध बोटाला चांगलं गरम लागेल इतकं असावं, विरजण थोडं वाढवावं, भांडं तांदळाच्या डब्यात किंवा जाड टॉवेलात गुंडाळून ठेवावं. या सगळ्यांत उष्णता बाहेर पडू न देणं एवढंच साधायचं असतं. विरजण खूप जास्त घातलं तर मात्र दही लवकर आंबट होतं.

इडलीच्या पिठाला उन्हाळ्यात आठ तास पुरत असतील तर थंडीत दुप्पट वेळ धरावा. पीठ कोमट पाण्यात वाटावं, मेथीचे दाणे भिजत घालावेत, भांडं बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवावं. मटकीला मोड यायलाही एक दिवस जास्त लागतो. याची दुसरी बाजूही आहे. यीस्टचं पीठ हळू फुगतं तेव्हा त्यात आम्लं आणि सुगंधी द्रव्यं तयार व्हायला वेळ मिळतो. घरी पाव करणाऱ्याने डिसेंबरात पीठ रात्री मळून सकाळी भाजावं. पाव चवीला उन्हाळ्यापेक्षा सरस होतो. गोव्यात पूर्वी पोदेर, म्हणजे पाववाले, पाव फुगवायला माडाची सूर वापरत, आणि नाताळच्या सान्नांत ती अजूनही काही घरांत पडते.

घरातली भट्टी

आपल्या जुन्या स्वयंपाकघरात ओव्हन नव्हता, पण नानकटाई होती. पीठ घरी मळून, गोळे ट्रेमध्ये मांडून शेजारच्या बेकरीच्या भट्टीत भाजून आणायचे, ही पद्धत पुण्या-मुंबईत कित्येक वर्षं चालली. वाळूचा गोल ओव्हनही अनेक घरांत होता: खाली वाळू, मधे भांडं, वर काचेची खिडकी असलेलं झाकण. आज कुकरमध्ये हे काम करता येतं. रिंग आणि शिटी काढायची, तळाशी जाड मीठ किंवा वाळू, वर स्टँड, दहा मिनिटं तापवून मगच आत भांडं. वाफ कोंडायची नाही, कोरडी उष्णता हवी, हे लक्षात ठेवलं की चूक होत नाही.

नानकटाई करायला थंडीसारखा काळ नाही. तिच्यात पाणी नसतं. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, साधारण दोन वाट्या मैदा, त्यातला थोडा भाग बेसन आणि रवा, वेलदोडा. तूप पिठाच्या कणांना वेढतं, पाणीही नसतं, त्यामुळे ग्लुटेन होत नाही आणि नानकटाई तोंडात विरघळते. तूप आणि साखर फेसताना हवा आत शिरते, आणि ती टिकायला तूप घट्ट, रवाळ हवं. मे महिन्यात पातळ झालेलं तूप आधी फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. जानेवारीत ते डब्यातूनच तयार मिळतं. १६० ते १७० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं, तळ बदामी होईपर्यंत. गरम असताना ती मऊच लागते, म्हणून आणखी भाजायचा मोह आवरावा. गार झाल्यावर ती खुसखुशीत होते.

केकचं मात्र थंडीशी वाकडं. फ्रीजमधून काढलेली अंडी फेसलेल्या लोण्यात घातली की लोणी पुन्हा घट्ट होतं आणि मिश्रण फाटतं. लोणी, अंडी, दूध तासभर आधी बाहेर काढावं. खोलीच गार असेल तर अंडी पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवावीत.

गोव्याच्या कुसवारात, म्हणजे नाताळच्या फराळात, या सगळ्या कौशल्यांची बेरीज दिसते. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, पेराद, बेबिंका. दोदोलमध्ये नारळाचं दूध, तांदळाचं पीठ आणि माडाचा काळा गूळ तासन् तास ढवळत आटवतात. पाणी इतकं जातं की अखेरीस नारळाचं तेल सुटू लागतं, आणि तीच उतरवण्याची खूण. पेरूचा पेराद थंडीत होतो कारण पेरू तेव्हा पिकतात. त्यातलं पेक्टिन आणि साखर आटून वडी धरतात. बेबिंकेला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अंड्याचा बलक, नारळाचं दूध, मैदा, साखर, तूप, जायफळ यांचं मिश्रण थोडं थोडं ओतून एकेक थर भाजतात, आणि आच वरून देतात. पूर्वी झाकणावर नारळाच्या करवंट्यांचे निखारे ठेवत. वरचा भाग लाल झाला की चमचाभर तूप आणि पुढचा थर. सात थरांपासून सोळापर्यंत. खालून आच दिली असती तर पहिला थर शेवटचा होईपर्यंत जळून गेला असता.

होळीनंतर पठारावर दुपारच्या झळा सुरू होतात आणि चुलीसमोर बसण्याची हौस संपते. पाणी घालवण्याचं काम थांबत नाही, फक्त ते गच्चीवर जातं. कुरडया, सांडगे, पापड, साबुदाण्याच्या पापड्या यांतली ओल आता ऊन घेऊन जातं, तेही फुकटात. त्या वाळवणांना भाजका रंग येत नाही, कारण ऊन कितीही कडक असलं तरी १४० अंशांच्या जवळपासही पोचत नाही. तो रंग आणि तो वास पुन्हा हवा असेल तर त्यांना तळावं किंवा निखाऱ्यावर धरावं लागतं. उन्हाचं हे गणित पुढच्या प्रकरणात.